इंग्लंडमधली कॅथलिक सेकंडरी: फॉर्म भरण्याआधी काय बघाल

उन्हाळ्याची सुट्टी संपत आली की माझ्या व्हॉट्सॲपवर तोच प्रश्न येतो. ‘ताई, तुमची ती कॅथलिक शाळा कशी आहे गं? आमच्या चिरंजीवांना घेतील का?’ विचारणारे बहुतेक पुण्या-ठाण्याकडचे, इथे आयटीत, आणि पोर इयर सिक्समध्ये, म्हणजे प्रायमरीच्या शेवटच्या वर्षात. मी वसईची, जन्मापासून कॅथलिक, स्लाऊच्या बाजूला नर्सिंग करते आणि माझी दोन्ही मुलं इथल्या कॅथलिक सेकंडरीतून शिकली. तेवढ्या भांडवलावर मला तज्ज्ञ समजतात. असो. दर वर्षी तुकड्यातुकड्यांत सांगते ते एकदाच लिहून टाकते.

आधी डोक्यातलं ‘कॉन्व्हेंट’ बाजूला ठेवा. आपल्याकडे कॉन्व्हेंट म्हणजे इंग्रजी माध्यम, डोनेशन, आई-वडिलांचा इंटरव्ह्यू आणि कडक सिस्टर. इथली कॅथलिक सेकंडरी सरकारी पैशावर चालते. फी नाही. मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेऊन प्रवेश ठरवायला नियमानेच बंदी. सिस्टर तर आता औषधालाही सापडत नाहीत आणि शिक्षकही सगळे कॅथलिक नसतात. चर्चच्या हातात राहतं ते असं: जागा बहुतेक वेळा चर्चची, गव्हर्नर मंडळात बिशपांनी नेमलेल्यांचं बहुमत, धर्मशिक्षणाचा अभ्यासक्रम बिशपांचा, आणि प्रवेशाचे नियम शाळेचे स्वतःचे. 1944 च्या शिक्षण कायद्यापासून अशा शाळांना ‘व्हॉलंटरी एडेड’ म्हणतात. हल्ली बऱ्याच शाळा अकॅडमी होऊन ट्रस्टखाली गेल्यात, पण पालकांना त्याने फारसा फरक पडत नाही. स्कॉटलंडचं गणित पूर्ण वेगळं आहे, तिथल्या मंडळींनी हे वाचून फॉर्म भरू नये.

म्हणून पहिलं वाचायचं ते चकचकीत प्रॉस्पेक्टस नव्हे, शाळेच्या वेबसाइटवर कोपऱ्यात पडलेली ॲडमिशन पॉलिसी. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर कोणाला आधी, याची ती उतरंड असते. वर कौन्सिलच्या (म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या) देखभालीतली कॅथलिक मुलं, मग बाप्तिस्मा झालेली कॅथलिक, त्यातही बऱ्याच ठिकाणी रविवारच्या मिस्सेला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) नियमित जाणारी आधी, मग इतर ख्रिस्ती, मग इतर धर्मांची, आणि तळाशी बाकीचे सगळे. शाळेशाळेत क्रम बदलतो. काही शाळा बाप्तिस्मा मूल किती लहान असताना झाला हेही विचारतात. जागा शिल्लक असतील तर मात्र शाळा कोणालाही धर्मावरून नाकारू शकत नाही.

मराठी ख्रिस्ती मंडळींनी इथे जरा सावध राहावं. नगर-सोलापूरकडची सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे प्रोटेस्टंट) घराणी ‘आम्ही तर ख्रिश्चनच’ म्हणून निर्धास्त असतात. या उतरंडीत कॅथलिक म्हणजे रोमशी जोडलेले. प्रोटेस्टंट बाप्तिस्मा ‘इतर ख्रिस्ती’मध्ये जातो. केरळच्या सिरो-मलबार शेजाऱ्यांची मुलं मात्र कॅथलिकमध्येच धरली जातात.

आता हिंदू घरांचा प्रश्न, ‘आम्हाला घेतील का?’ याचं उत्तर मी देऊ शकत नाही, कौन्सिलची पुस्तिका देऊ शकते. मागच्या वर्षी कोणत्या शाळेत कोणत्या वर्गवारीपर्यंत जागा गेल्या आणि शेवटच्या मुलाचं घर किती अंतरावर होतं, हे बहुतेक कौन्सिलं छापतात. सगळ्या जागा तिसऱ्या वर्गवारीतच संपल्या असतील आणि तुम्ही नवव्यात असाल, तर पसंतीचा एक रकाना फुकट घालवू नका. लंडनमध्ये सहा रकाने मिळतात, बाहेर कुठे कुठे तीनच. पण शाळा ‘इतर धर्म’ वर्गवारीतून दर वर्षी मुलं घेत असेल तर बेधडक भरा. तुम्ही तिला पहिली ठेवलीत की तिसरी हे शाळेला कळत नाही, त्यामुळे मनातली खरी पसंतीच वर लिहा. स्लाऊकरांसाठी आणखी एक: सेंट बर्नार्ड्स ही कॅथलिक ग्रामर, म्हणजे परीक्षा घेऊन मुलं निवडणारी शाळा आहे, तिथे सप्टेंबरातली इलेव्हन प्लस ही प्रवेश परीक्षाही पास व्हावी लागते.

फॉर्म दोन असतात आणि गोंधळ इथेच होतो. एक कौन्सिलचा, 31 ऑक्टोबरपर्यंत. दुसरा ‘सप्लिमेंटरी फॉर्म’, थेट शाळेकडे, सोबत बाप्तिस्म्याचा दाखला आणि लागत असेल तिथे फादरच्या सहीचं प्रमाणपत्र. दुसरा दिलाच नाही तर बाप्तिस्मा झालेलं मूलही तळाच्या वर्गवारीत जाऊन बसतं. वसई-गोव्याकडच्यांची मुलं बऱ्याचदा सुट्टीत गावी नेऊन बाप्तिस्मा दिलेली असतात. दाखला तिथल्या चर्चच्या रजिस्टरमधून काढावा लागतो, तर जुलैतच एखाद्या मावशीला तिथे पाठवा. फादरची सही सप्टेंबरात मागा, आणि ज्या चर्चमध्ये प्रत्यक्ष जाता तिथल्याच फादरकडे मागा. वर्षभर तोंड न दाखवता ऑक्टोबरात केक घेऊन येणारी कुटुंबं त्यांना बरोबर ओळखू येतात. चर्चची झाडलोट केली, फुलं सजवली, देणगी दिली, याचा काही उपयोग नाही. अशा सेवेवरून किंवा पैशांवरून प्रवेशात प्राधान्य द्यायला ॲडमिशन्स कोडने, म्हणजे प्रवेशाच्या सरकारी नियमावलीने, मनाई केलेली आहे.

पैशावरून आठवलं. प्रवेश मिळाल्यावर येणाऱ्या गठ्ठ्यात ‘गव्हर्नर्स फंड’चा डायरेक्ट डेबिटचा कागद निघाला तर दचकू नका. व्हॉलंटरी एडेड शाळेला इमारतीच्या मोठ्या कामाचा साधारण 10 टक्के खर्च स्वतः उभा करावा लागतो, त्यासाठी ते मागतात. द्यायचं की नाही ही तुमची मर्जी.

आता शाळा चांगली की वाईट. गेटवरच्या ‘आउटस्टँडिंग’ बॅनरवर तारीख शोधा. 2012 ते 2020 या काळात आउटस्टँडिंग शाळांना नेहमीच्या तपासणीतून सूट होती, त्यामुळे काही बॅनर पोराच्या वयाचे निघतात. सप्टेंबर 2024 पासून ऑफस्टेडने, म्हणजे शाळा तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, ‘आउटस्टँडिंग’सारखा एका शब्दाचा शेरा देणं बंद केलं आणि नोव्हेंबर 2025 पासून रिपोर्ट कार्ड आलं, ज्यात वर्तणूक, अभ्यासक्रम, निकाल अशा एकेका बाबीला वेगळा शेरा असतो. कॅथलिक शाळेचा आणखी एक रिपोर्ट असतो, कॅथलिक स्कूल्स इन्स्पेक्टोरेटचा. धर्मशिक्षण, प्रार्थना आणि शाळेचं कॅथलिक जीवन तेच तपासतात. हा दुसरा रिपोर्ट बहुतेक हिंदू पालक उघडतही नाहीत, आणि मला तर तोच जास्त बोलका वाटतो. शाळेत कॅथलिक मुलं किती टक्के, हेही त्यात सापडतं. चाळीस टक्के असतील तर वातावरण एक, नव्वद असतील तर दुसरं.

निकालांत सगळे ‘प्रोग्रेस 8’ विचारतात. इयर सिक्सपासून जीसीएसईपर्यंत (इयर इलेव्हनच्या शेवटची बोर्डासारखी परीक्षा) मुलांनी किती मजल मारली याचा तो आकडा, शून्य म्हणजे देशाची सरासरी. पण 2025 आणि 2026 च्या बॅचसाठी तो निघतच नाही, कारण ही मुलं इयर सिक्समध्ये असताना, 2020 आणि 2021 मध्ये, कोविडमुळे सॅट्स, म्हणजे प्रायमरीच्या शेवटच्या परीक्षा, झाल्याच नाहीत. 2024 आणि त्याआधीच्या दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवून बघा. इंग्रजी आणि गणितात ग्रेड 5 किंवा वर (9 सर्वांत वरची) मिळवणाऱ्यांची टक्केवारी बघा. आणि एक माझं वैयक्तिक वेड: इयर सेव्हनमध्ये किती मुलं आणि इयर इलेव्हनमध्ये किती, हेही बघते. निकालाच्या तोंडावर वर्ग पातळ होत गेलेला दिसला की मी कारण विचारते.

ओपन ईव्हनिंगला जा, पण त्यावर विसंबू नका. त्या संध्याकाळी सगळ्याच शाळा नवरीसारख्या नटलेल्या असतात. चालू दिवशी, सकाळच्या वेळी शाळा दाखवतात का विचारा. दाखवत असतील तर रजा टाकून जा. तास संपून दुसरा सुरू होतो ती पाच मिनिटं कॉरिडॉरमध्ये उभं राहा. मुलं ढकलाढकली करतात का, शिक्षक दारात उभे असतात का, कोणी मुलांना नावाने हाक मारतं का, एवढं दिसलं तरी खूप.

मुलांशी बोला, हेडटीचरशी नंतर. एका शाळेत आम्हाला फिरवायला इयर एटची एक मुलगी दिली होती, कोटावर तीन-चार बॅज, पाठ केलेली वाक्यं धडाधड म्हणत होती. मी सहज विचारलं, ‘पाऊस असला की जेवणाच्या सुट्टीत कुठे बसता?’ ती थबकली. म्हणाली, ‘टॉयलेटच्या बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये. हॉलमध्ये जागा नसते.’ ‘आणि टॉयलेट?’ ‘मी घरी जाईपर्यंत थांबते.’ खाली हॉलमध्ये तेव्हाच नव्या स्पोर्ट्स हॉलचे स्लाइड्स चालू होते. नर्स म्हणून सांगते, अकरा-बारा वर्षांची मुलगी दिवसभर पाणी न पिता काढत असेल तर त्या शाळेचे बाकीचे गुण मला फारसे मोठे वाटत नाहीत. तेव्हापासून मी प्रत्येक शाळेत टॉयलेट बघायला मागते. तोंड वाकडं करणारे भेटतात, करू देत.

दुसरी मागायची गोष्ट म्हणजे धर्मशिक्षणाची वही. इथे या विषयाला वेळापत्रकाचा दहावा हिस्सा द्यावा असा बिशपांचा दंडक आहे, म्हणजे आठवड्याच्या 25 तासांतले अडीच तास. इतका वेळ जिथे जातो तो विषय कसा शिकवतात हे बघायला नको? फळ्यावरचं उतरवून रंगवलेल्या चित्रांनी भरलेली वही असेल तर तो वेळ वाया. माझ्या धाकटीच्या वहीत ‘दुःख असताना देव चांगला कसा?’ यावर पानभर वाद होता, एक बाजू नास्तिकाची, एक बायबलमधल्या दुःख सोसणाऱ्या ईयोबची, आणि समासात बाईंचा हिरव्या पेनातला प्रश्न: ‘नास्तिक याला काय उत्तर देईल?’ खाली तिने पुन्हा चार ओळी लिहिलेल्या. असं शिकवणाऱ्या शाळेत इतिहास आणि इंग्रजीचे निबंधही आपोआप सुधारतात.

जीसीएसईला रिलिजियस स्टडीज इथे जवळपास सक्तीचंच असतं, आणि दुसरा धर्म म्हणून ज्यू धर्म अभ्यासतात. हिंदू धर्म खालच्या वर्गांत थोडाफार येतो. एक विषय असा आधीच अडकल्याने उरलेल्या पर्यायांत ट्रिपल सायन्स (तिन्ही शास्त्रं वेगवेगळे विषय म्हणून), कॉम्प्युटर सायन्स आणि एखादी भाषा हे सगळं बसतं का, ते आजच विचारा. इयर नाइनमध्ये विचारून उपयोग नाही.

प्रार्थनेचं काय? सकाळी फॉर्म टाइमला, म्हणजे वर्गातल्या हजेरीच्या वेळी, प्रार्थना, राखेच्या बुधवारी आणि मोठ्या सणांना मिस्सा. हिंदू मुलं मिस्सेला बसतात, ख्रिस्तप्रसाद घेत नाहीत. हवं तर हात छातीशी दुमडून आशीर्वादाला पुढे जातात, नाहीतर जागेवर बसून राहतात. माझ्या एका पुणेकर मैत्रिणीचा मुलगा शाळेच्या मिस्सेत तबला वाजवायचा आणि घरी गणपतीत आरतीला झांजा. धर्मशिक्षणातून आणि प्रार्थनेतून मूल काढून घ्यायचा हक्क पालकांना कायद्याने आहे. पण पहिल्या दिवसापासून तो वापरायचा बेत असेल तर दुसरी शाळा बघा. अडीच तास लायब्ररीत एकटं बसणारं मूल कुठल्याच शाळेत रुळत नाही.

लैंगिक शिक्षणाची पॉलिसीही वाचा. विवाह आणि कुटुंबाबद्दलची चर्चची शिकवण तिथे असणारच. मी मात्र सरळ विचारते, ‘एखाद्या मुलाला गे म्हणून कोणी छळलं तर तुम्ही काय करता?’ जी शाळा आधी शिकवण सांगत बसते आणि मुलाचं नंतर बोलते, ती मला पटत नाही. मागच्या वेळी त्यांनी काय केलं, हे सांगणारी बरी.

दिवाळीची सुट्टी मिळते. धार्मिक सणाच्या दिवसासाठी गैरहजेरी मंजूर होते, फक्त आधी लेखी कळवा आणि नेमका तोच दिवस मागा, चार दिवस नव्हे. जेवणात शाकाहारी पर्याय असतो, शुक्रवारी मासे ठरलेले. आम्हा वसईकरांची त्याला काहीच हरकत नाही.

बसचं मात्र आधी बघा. कॅथलिक शाळा बऱ्याचदा शहराच्या दुसऱ्या टोकाला असते आणि धर्मासाठी लांब जाणाऱ्यांना बसभाडं देण्यातून अनेक कौन्सिलांनी हात काढून घेतलाय. कमी उत्पन्नाच्या घरांना धर्मावरून निवडलेली जवळची सेकंडरी 2 ते 15 मैलांत असेल तर मोफत प्रवासाचा हक्क आहे. बाकीच्यांनी डिसेंबरच्या अंधारात, साडेसात वाजता, मुलाला घेऊन एकदा तो प्रवास करून बघावा.

1 मार्चला निकाल येतो. मनासारखी शाळा नाही मिळाली तरी मिळालेली जागा आधी स्वीकारा, त्याने वेटिंग लिस्टमधलं नाव जात नाही. लिस्ट आधी आला त्याला आधी अशी नसते, त्याच उतरंडीने लागते, म्हणून चौथ्या नंबरावरून सातव्यावर घसरणंही होतं. अपील करायचं तर ‘शाळा फार छान आहे’ एवढं पुरत नाही, याच मुलाला हीच शाळा का लागते ते कागदोपत्री दाखवावं लागतं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात काही मुलं हजरच होत नाहीत आणि लिस्ट हलते, तेव्हा शाळेच्या ऑफिसला एक फोन करा. ही लिस्ट निदान 31 डिसेंबरपर्यंत चालू ठेवावी लागते, त्यामुळे दुसऱ्या शाळेच्या ब्लेझरची पावती तोवर फेकू नका.