कोयनेकाठी दोघांचा तंबू: या चुका टाळा

हेळवाक आणि पाटणच्या मधे कोयनेकाठी आम्ही दोघांनी पहिला तंबू टाकला तो मार्चमध्ये. पाण्यापासून दहा पावलांवर, गोट्यांच्या सपाट पट्टीवर. आभाळ निरभ्र, पाणी घोट्याएवढं. मध्यरात्री हिनं मला हलवलं, "अरे ऊठ, पाण्याचा आवाज बदललाय." बॅटरी मारली, तर संध्याकाळी ज्या दगडावर बसून चहा प्यायलो तो दगडच दिसेना. तंबू ओढत वर पळालो. पातेलं आणि एक चप्पल वाहून गेली.

पाऊस नाही म्हणजे नदी वाढणार नाही, हा हिशेब धरणाखाली चालत नाही. कोयना धरणाच्या पायथ्याशी असलेल्या वीजगृहाची दोन्ही जनित्रं चालली की पात्रात 2100 क्युसेक पाणी येतं, म्हणजे सेकंदाला जवळपास 60 हजार लिटर. सांगलीकडच्या टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांसाठी ते भर उन्हाळ्यातही सोडतात. गोट्यांची ती सपाट पट्टी पाण्यानंच केलेली असते, हे आम्हाला तेव्हा सुचलं नाही. झुडपांत अडकलेला पालापाचोळा आणि चिंध्या कुठवर आहेत ते बघा, आणि तंबू त्याच्याही वर लावा. आधी गावात विचारा, "पाणी कुठवर चढतं?" रानाच्या मालकाची परवानगीही त्याच फेरीत मागता येते. पात्रातल्या बेटावर कधीच झोपू नका. पाण्याच्या कडेला खुणेची काठी रोवून ठेवा. ती बुडायला लागली किंवा पाणी एकाएकी गढूळ झालं, तर सामान तिथंच सोडून वर निघा. एप्रिल-मेमध्ये वर डोंगरात वळीव कोसळला तर तुमच्याकडे थेंब न पडताही ओढे फुगतात.

सकाळी तंबू आतून ओला दिसला की तो गळतोय असं वाटतं. आम्हीही तसंच समजून दुसऱ्या रात्री सगळ्या चेन बंद केल्या, आणि तो आणखी ओला झाला. ते पाणी आपल्याच श्वासाचं असतं. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवा, नुसती जाळी लावा. थंडी वाजत असेल तर पांघरुणं वाढवण्याआधी अंगाखाली जाड सतरंजी किंवा फोमची चटई घाला. नदीकाठची जमीन रात्रभर अंगातली ऊब ओढून घेते. कितीही गारठा असला तरी कोळशाची शेगडी तंबूत नेऊ नका. तिच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच जीव जातो.

नदीचं पाणी नितळ दिसलं तरी खळखळून उकळूनच प्या. बूट घालण्याआधी झटका, त्यात विंचू बसतात. फुरसं, म्हणजे तो छोटा विषारी साप, चावलं तर जखम कापू नका, आवळून बांधू नका. पाय न हलवता 108 ला फोन करा. धरणाच्या वरच्या अंगाला, बामणोली, तापोळ्याकडे जाणार असाल तर रेंज कुठं येते ते उजेडातच बघून ठेवा. त्या बाजूचं बरंचसं रान 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथं मुक्काम करता येत नाही.

आणि गाडीची किल्ली. मला वाटलं हिच्याकडे आहे, हिला वाटलं माझ्याकडे. पाणी चढत असताना आम्ही ती अंधारात शोधत होतो. आता झोपण्याआधी किल्ली आणि बॅटरी दोघांच्या उशांच्या मधे असते.