ओडिसी दहाव्या सर्गापासून शिकवा

ओडिसी हे होमरचं ग्रीक महाकाव्य. पहिल्या सर्गापासून सुरू केलं की अकरावीची मुलं नावांतच अडकतात. नायक ओडिसियस स्वतः भेटतो थेट पाचव्यात!

१. दहावा सर्ग काढा. वाऱ्यांचा राखणदार एओलस, त्याने वारे कातडी पिशवीत बांधलेत, फक्त पश्चिमेचा मोकळा. दहाव्या दिवशी घरच्या इथाका बेटावरच्या शेकोट्या दिसतात, ओडिसियसला डोळा लागतो आणि सोबती सोन्याच्या आशेने पिशवी सोडतात.

२. इथे थांबून विचारा, होडी बंदराला कोणता वारा आणतो? मालवण-देवगडची पोरं लगेच सांगतात, खारा, म्हणजे समुद्रावरून येणारा. तोही पश्चिमेचाच.

३. मग नववा, आणि पहिला सर्वांत शेवटी.

एक जपा. एकविसाव्या सर्गात पेनेलोपीशी लग्नासाठी धनुष्याची पैज आली की वर्ग ‘सेम सीतास्वयंवर!’ म्हणतो. आधी फरक लिहून घ्या: पेनेलोपी ओडिसियसची बायकोच आहे.