अकादमीतून खोट्या नोंदींवर काढलं? लढताना या चुका टाळा

खडकवासल्याची एनडीए असो, देहरादूनची आयएमए असो की चेन्नईची ओटीए, अशा लष्करी अधिकारी घडवणाऱ्या अकादमीतून कॅडेटला (प्रशिक्षणार्थीला) काढण्याचा निर्णय शेवटी कागदांवर उभा असतो. डोसियरमधले (कॅडेटच्या वैयक्तिक फाइलमधले) शेरे, काउन्सेलिंगच्या नोंदी, वॉर्निंग लेटर, गुणपत्रकं. हे कागद खरे असतील तर निर्णय कितीही कडू लागला तरी टिकतो. पण न दिलेली वॉर्निंग मागची तारीख घालून फाइलला लावली असेल किंवा गुणांवर खाडाखोड झाली असेल, तर सगळं भांडण त्या कागदाचं आहे. घरचे मात्र मुलाची लायकी सिद्ध करण्यात गुंततात आणि तोवर कागद हातचा निसटतो.

सही करून मोकळं होणं

काढण्याआधी कॅडेटला कधीकधी सुचवलं जातं, "स्वतःहून जातोय असं लिहून दे, पुढे त्रास होणार नाही." एकोणीस-वीस वर्षांचं पोर, समोर वरिष्ठ अधिकारी, घरी फोन करायची सोय नाही. ते लिहून देतं. माझ्या मते या सगळ्या प्रकारातली सर्वांत महाग चूक हीच. स्वेच्छेने गेलेल्याला काढलं कुणी, असं सरकारी वकील पहिल्याच तारखेला विचारतील. शिवाय प्रवेशाच्या वेळी भरून दिलेला बाँड असतोच. कॅडेटच्या हातातल्या कारणाने प्रशिक्षण सुटलं, तर त्यावरचा खर्च सरकार वसूल करू शकतं.

सही होऊन गेली असेल तर लगेच, शक्यतो त्याच आठवड्यात, कमांडंटना (अकादमीच्या प्रमुखांना) लेखी कळवा: कागद कुणी पुढे केला, कुठे, किती वाजता, खोलीत आणखी कोण होतं. महिन्यांनंतर याचिकेत पहिल्यांदाच 'दबाव होता' म्हटलं तर ते पश्चातबुद्धीचं वाटतं. पोच म्हणून सही करावीच लागली, तर खाली स्वतःच्या हाताने तारीख आणि वेळ घाला आणि 'प्रत मिळाली, मजकूर मान्य नाही' असं लिहा. ही सवय पहिल्या टर्मपासून लावलेली बरी, कारण तारीख नसलेल्या सहीवर मागाहून हवी ती तारीख घालता येते.

फक्त वादातल्या कागदाकडेच बघत बसणं

'ही नोंद खोटी आहे' असं शंभरदा सांगून काही सिद्ध होत नाही. ती खोटी असल्याचं दुसऱ्या कागदाने बोललं पाहिजे, आणि अकादमीत असे कागद भरपूर असतात. एकच कॅडेट परेड स्टेटमध्ये (रोजच्या हजेरीत) दिसतो, सिक रिपोर्टमध्ये (आजारी असल्याच्या नोंदीत) दिसतो, एमएचच्या (लष्करी रुग्णालयाच्या) ॲडमिशनच्या नोंदीत, गार्डरूमच्या रजिस्टरमध्ये, रजेच्या सर्टिफिकेटवर आणि कॅम्पच्या नॉमिनल रोलवरही (नावांच्या यादीवरही). ही रजिस्टरं वेगवेगळ्या लोकांच्या ताब्यात असतात. डोसियरमधलं एक पान बदलणाऱ्याला ती सगळी बदलणं फार अवघड जातं.

म्हणून आधी तारीखवार तक्ता करा. एका रकान्यात फाइल काय म्हणते ते, शेजारी त्या दिवशी कॅडेट खरोखर कुठे होता ते. काउन्सेलिंगची नोंद ज्या दिवसाची आहे त्या दिवशी तो कॅम्प तोरणाला (एनडीएच्या मैदानी कॅम्पला) असेल किंवा एमएचमध्ये भरती असेल, तर वेगळा युक्तिवाद लागत नाही. पत्राचा जावक क्रमांक बघा. मार्चच्या पत्राला मेमधल्या पत्रांच्या रांगेतला क्रमांक असेल, तर जावक रजिस्टर मागवायला तेवढं कारण पुरतं. सही करणारा अधिकारी त्या तारखेला त्या पदावर रुजू झाला होता का, हेही तपासा. खाडाखोडीशेजारी छोटी सही नसणं, किंवा सहा महिन्यांत झालेल्या म्हणून दाखवलेल्या नोंदी एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या दिसणं, याही खुणाच.

हस्ताक्षरतज्ज्ञाकडे मात्र घाईने धावू नका. झेरॉक्सवर दिलेलं मत फार टिकत नाही. मूळ कागद न्यायालयापुढे यावा अशी मागणी आधी करा.

माहिती अधिकारात 'का' विचारणं

'माझ्या मुलाला का काढलं?' असा अर्ज केला तर हाती काही येत नाही. २००५ चा कायदा असलेले कागद देतो, स्पष्टीकरण देत नाही. त्यामुळे कागदाचं नाव, कालावधी आणि 'प्रमाणित प्रत' असं नेमकं मागा. उत्तराची मुदत ३० दिवस, नाही आलं तर पहिलं अपील. लष्कर, नौदल आणि वायुदल या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे वगळलेल्या संस्थांच्या यादीत, नाहीत, म्हणून 'आम्हाला कायदाच लागू नाही' हे उत्तर मान्य करू नका. तपासलेली उत्तरपत्रिका परीक्षार्थीला पाहता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलं आहे.

त्याआधी एक साधं पत्र पाठवा: अमुक रजिस्टरं वादाचा निकाल लागेपर्यंत नष्ट करू नयेत. जुनी रजिस्टरं ठरावीक काळाने नष्ट होतात, आणि पत्र गेलेलं असलं की 'आता उपलब्ध नाही' म्हणणाऱ्याला त्याचा जाब द्यावा लागतो.

आत असलेल्या कोर्समेटला रजिस्टरचे फोटो काढून पाठवायला कधीही सांगू नका. त्याचं करिअर जाईल, आणि १९२३ चा शासकीय गुपितं कायदा दोघांच्याही मागे लागू शकतो. तुमच्याकडचे ईमेल, चॅट मूळ फोनसकट जपा. ते पुरावा म्हणून द्यायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल.

न्यायालयापुढे चुकीचं भांडण मांडणं

न्यायालय कॅडेटची पुन्हा परीक्षा घेत नाही. निर्णय कसा घेतला, हे ते बघतं: आरोप कळवला का, कागद दाखवले का, बाजू ऐकली का. 'ऑर्डरमध्ये गैरवर्तनाचा शब्दही नाही, मग काय करणार' म्हणून खचू नका. हैदराबादच्या राष्ट्रीय पोलीस अकादमीतून प्रशिक्षणार्थी आयपीएस अधिकारी अनूप जयस्वाल यांना असाच साध्या भाषेतला आदेश मिळाला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये त्यामागचं कारण तपासलं. चौकशी न करता दिलेली ती शिक्षाच आहे, असं ठरवून आदेश रद्द केला. ते लष्करी प्रकरण नव्हतं, पण तत्त्व उपयोगी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या मोहिंदर सिंग गिल प्रकरणातलं तत्त्वही वकिलांना आठवून द्या: आदेशात नसलेली कारणं नंतर प्रतिज्ञापत्रातून जोडता येत नाहीत.

एखाद्या अधिकाऱ्याने आकसाने केलं असं म्हणायचं असेल, तर त्याला नावानिशी प्रतिवादी करावं लागतं आणि तपशील द्यावा लागतो. तेवढा पुरावा नसेल तर तो आरोप सोडून द्या. नोंद खोटी आहे हे दाखवायला ती कुणी केली हे सिद्ध करावं लागत नाही.

उलट आरोप असेल, म्हणजे पडताळणीच्या फॉर्ममध्ये कॅडेटनेच माहिती लपवली असं म्हणत असतील, तर सर्वोच्च न्यायालयाचा अवतार सिंग प्रकरणाचा २०१६ चा निकाल वाचा. लपवलेली गोष्ट किती गंभीर होती, हे तपासावं लागतं.

दार चुकणं आणि वेळ घालवणं

कॅडेटला अजून कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक, मिळालेलं नसतं. सशस्त्र दल न्यायाधिकरण सैन्य, नौदल आणि वायुदल कायद्यांखाली येणाऱ्यांसाठी आहे. त्यामुळे तिथे जायचं की राज्यघटनेच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयात, हे सेवाविषयक खटले चालवणाऱ्या वकिलाकडून पहिल्याच भेटीत ठरवून घ्या. चुकीच्या दारात वर्ष गेलं तर बॅच पासआउट होऊन जाते. रिट याचिकेला ठरलेली मुदत नसली तरी उशिराचं कारण द्यावंच लागतं, म्हणून वरच्या मुख्यालयाकडे केलेल्या अर्जाचं उत्तर येईल म्हणून अनंतकाळ थांबू नका. याचिकेबरोबरच, निकालाच्या अधीन राहून टर्ममध्ये बसू द्यावं, अशी अंतरिम मागणी करा.

तोवर कॅडेटने घरी नुसतं बसू नये. झालेल्या सेमिस्टरची गुणपत्रकं अकादमीकडून लेखी मागून घ्या, दुसरीकडे प्रवेश घ्या, आणि हा प्रवेश हक्क न सोडता घेतला आहे, असं एक वाक्य याचिकेत घालायला वकिलांना सांगा.