नदीचा प्रकल्प करताय? या चुका टाळा

भूगोलाच्या प्रकल्पवह्या तपासायला घेतल्या की पहिल्याच पानावर ठरलेली आकृती असते. डावीकडे डोंगर आणि 'व्ही' आकाराची दरी, मध्ये नागमोडी वळणं, उजवीकडे त्रिभुज प्रदेश. आकृती चूक नाही. पण मुलं ती आधी काढतात, नदी नंतर बघतात आणि मग जे दिसेल ते त्या तीन खणांत, म्हणजे नदीच्या युवावस्था, प्रौढावस्था आणि वृद्धावस्थेत, कोंबत बसतात.

माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते बंधाऱ्याच्या फुगवट्यावर, म्हणजे त्याच्यामागे तुंबलेल्या पाण्यावर, घेतलेल्या मोजमापांनी. पंचगंगेच्या खोऱ्यात, घाटापासून फार लांब नसलेल्या एका गावी आमचा गट गेला होता. दिवाळी नुकतीच झालेली. रस्त्याला लागून पाणी दिसलं, झाडाची सावली होती, मुलांनी तिथेच टेप सोडला. पात्र भलतंच रुंद, काठ मऊ गाळाचे. वेग काढायला संत्रं टाकलं, तर वाऱ्याबरोबर ते चक्क उलटं, उगमाच्या दिशेला सरकायला लागलं. तरी वहीत निष्कर्ष तयार: 'रुंद पात्र, मंद प्रवाह, गाळाचे संचयन, म्हणून नदी वृद्धावस्थेत.' सह्याद्री समोर दिसतोय आणि नदी म्हातारी!

मी त्यांना खालच्या अंगाला चालवत नेलं. थोड्याच अंतरावर कोल्हापूर पद्धतीचा बंधारा, बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले. त्याच्या खाली तीच नदी घोटाभर पाण्यात काळ्या कातळावरून उड्या मारत होती. वरचं रुंद, शांत पात्र म्हणजे उसाला पाणी देणाऱ्या पंपांच्या मोटारींसाठी अडवलेलं पाणी. पावसाळा संपला की बर्गे घालतात, पुढच्या पावसाआधी काढतात. या काळात पात्राची रुंदी आणि वेग बंधारा ठरवतो. म्हणून मी टेप उघडण्याआधी मोटारीवरच्या माणसाला विचारतो, "बर्गे कधी घातले?" शिवाय पावसाळ्यानंतरचं आणि मे महिन्यातलं उपग्रहचित्र शेजारी ठेवून बघतो. सावलीची जागा म्हणजे मोजमापाची जागा नव्हे, पण घाईत असलेल्यांना हे कोण सांगणार.

दुसरी लाडकी चूक: 'उगमाकडे वेग जास्त, मुखाकडे कमी.' इतक्या वेळा पाठ केलेलं असतं की कुणी तपासतच नाही. अमेरिकी जलशास्त्रज्ञ ल्यूना लिओपोल्ड यांनी १९५३ मध्ये तिथल्या नद्यांच्या नोंदी तपासल्या, तर खाली जाताना सरासरी वेग बहुधा थोडा वाढतो, निदान टिकून राहतो, असं दिसलं. उतार कमी होतो हे खरं, पण उपनद्या मिळून पाणी खोल होतं. खोल पाण्याचा मानाने थोडाच भाग तळाला घासतो, आणि तळही दगडगोट्यांऐवजी वाळू-गाळाचा, म्हणजे कमी खरखरीत असतो. डोंगरातल्या ओढ्याचा खळखळाट ऐकून आपण फसतो. तिथली बरीच ऊर्जा दगडांवर आपटण्यात जाते. भरतीचं पाणी शिरणाऱ्या खाडीचा भाग मात्र या हिशेबात धरू नका. आणि संत्र्याने मिळतो तो पृष्ठभागाचा वेग. सरासरीसाठी त्याला साधारण ०.८५ ने गुणा. हा गुणाकार गाळणाऱ्यांची वही मी पुढे वाचत नाही.

'नदीने व्ही आकार कापला' हेही अर्धवट. डोंगरात नदी मुख्यतः खाली कापते. बाजू उतरत्या होतात त्या विदारणाने (खडक जागच्या जागी फुटून सुटा होण्याने) आणि पावसात दरड-माती घसरल्याने. बाजूचा खडक टणक असेल तर व्ही नाही, घळई (अरुंद, उभ्या भिंतींची दरी) मिळते.

रांजणखळगे (पात्रातल्या खडकात कोरलेले रांजणासारखे खड्डे) आणि घळई फक्त उगमाजवळ शोधू नका. कुकडी नदीचे प्रसिद्ध रांजणखळगे जुन्नरच्या डोंगरात नाहीत, खाली पठारावर निघोजला आहेत. गोदावरी तर राजमहेंद्रीच्या वर, समुद्र जवळ आलेला असताना, पापी टेकड्यांमध्ये पूर्व घाट कापत अरुंद होते. खडक आणि उतार बघा, नदीचं 'वय' नंतर. युवावस्था-वृद्धावस्था ही वर्षांची मोजणी नाहीच.

डावा काठ-उजवा काठ: तोंड प्रवाहाच्या दिशेला करूनच ठरवा.

वळणावर बाहेरचा काठ झिजतो, आतल्या काठावर गाळ साचतो. उलटं लिहिणारे दरवर्षी निघतात.

नदीचा लांबीचा छेद (उगमापासून मुखापर्यंतच्या उंचीची रेघ) काढताना उभं प्रमाण आडव्याच्या किती पट वाढवलंय ते लिहा. गोदावरी सुमारे १,०६७ मीटरवर उगम पावून १,४६५ किलोमीटर वाहते. सरासरी उतार किलोमीटरला एक मीटरही भरत नाही. त्यातही नाशिकपर्यंतच ती जवळजवळ सहाशे मीटर उंचीपर्यंत खाली येते. उरलेल्या चौदाशेहून अधिक किलोमीटरची रेघ कागदावर जवळपास आडवी येते. ती 'छान दिसावी' म्हणून वाकवू नका.

आणि प्रत्येक मुखाशी त्रिभुज प्रदेश नसतो. महाबळेश्वरलाच उगम असलेल्या कृष्णा आणि सावित्री घ्या. कृष्णा सुमारे १,४०० किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराशी गाळ पसरते. सावित्री घाट उतरून थोड्याच अंतरात बाणकोटच्या खाडीत शिरते. गाळ कमी, शिवाय भरती-ओहोटी तो टिकू देत नाही. नर्मदा लांब नदी, तरी खंभातच्या आखातातल्या जबरदस्त भरतीपुढे तिचंही मुख खाडीसारखंच उरतं. तेव्हा मुखाचं चित्र काढण्याआधी तिथली भरती किती चढते ते बघा.