घरातल्या घरात फाईल कॉपी व्हायला पाऊण तास लागतोय? नेटचा प्लॅन वाढवू नका, आधी हे बघा

आमचं घर ग्वाल्हेरला लष्कर भागात, जुनं, भिंती दगडी आणि चांगल्या हातभर जाड. खाली बाबांचा कॉम्प्युटर, त्यात त्यांच्या गाण्याच्या जुन्या कॅसेटी आम्ही एकेक करून भरतोय, आणि वरच्या खोलीत माझा लॅपटॉप ज्यावर मी खरखर काढायचं काम करते. ९० मिनिटांची एक कॅसेट २४ बिट ९६ किलोहर्ट्झ अशा वरच्या दर्जाला घेतली की फाईल होते ३ जीबीची, आणि ती वर ओढायला पाऊण तास लागायचा, कधी मधेच तुटायची. वहिनी म्हणाली नेटचा प्लॅन मोठा घेऊ. बरेच जण हेच करतात म्हणून आधी सांगते, घरातल्या एका मशीनवरून दुसऱ्यावर फाईल जाते तेव्हा इंटरनेटचा काही संबंधच नसतो, ती राऊटरपर्यंत जाते आणि तिथूनच वळते, बाहेरून येणारी नेटची वायर काढून ठेवली तरी कॉपी चालूच राहील. प्लॅन वाढवून एक सेकंद कमी होणार नाही.

मग अडतंय कुठे ते शोधायचं. एक मोठी फाईल ठरवून घ्या, प्रत्येक वेळी तीच कॉपी करायची, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने फरक पडला ते कळतच नाही. लॅपटॉप उचला, राऊटरजवळ जा, वायफाय बंद करा, केबल लावा (दुसरं मशीनही केबलवर हवं) आणि कॉपी करताना दिसणारा आकडा बघा.

सेकंदाला ११० एमबीच्या (मेगाबाईट) आसपास आला तर केबल, राऊटर, डिस्क सगळं ठीक, दोष वायफायचा. ३०-४० वर अडकला तर बहुतेक बाहेरची डिस्क जुन्या यूएसबी २ पोर्टमधे लावलेली असते, पोर्ट बदला. आणि बरोबर ११ वर येऊन थांबला तर लिंक, म्हणजे केबलची जोडणी, १०० मेगाबिटवर चाललीये. ८ मेगाबिट म्हणजे १ मेगाबाईट, म्हणून १०० चे साडेबारा, त्यातून थोडं वरखर्चात जातं आणि हातात ११ उरतात. हा ११ चा आकडा नीट लक्षात ठेवा, घरोघरी हाच सापडतो. कारणं बहुतेक दोन: एकतर राऊटरचे पोर्टच १०० चे आहेत (कनेक्शनबरोबर मिळालेले स्वस्तातले राऊटर पुष्कळदा तसेच असतात), नाहीतर केबल. केबलमधे ८ तारा असतात, गिगाबिटला (म्हणजे १००० मेगाबिटला) आठही लागतात पण १०० ला चारच पुरतात, त्यामुळे उरलेल्या चारांतली एखादी तार सैल झाली की नेट चालूच राहतं, फक्त गुपचूप दहापट हळू होतं. आमच्याकडे हेच निघालं, एका टोकाच्या क्लिपमधे तार नीट बसलीच नव्हती. नवी क्लिप मारल्यावर विंडोजच्या इथरनेट सेटिंगमधे लिंक स्पीड १००० दिसायला लागला.

आता वायफाय. दोन्ही मशीनं वायफायवर असतील तर प्रत्येक तुकडा हवेतून दोनदा जातो, एकदा राऊटरकडे आणि एकदा तिथून पुढे, म्हणून स्पीड अर्धा. निदान एक मशीन केबलवर ठेवा. वायफायचा ५ गिगाहर्ट्झ बँड वेगवान पण दगडी भिंतीपुढे हात टेकतो, २.४ चा भिंत ओलांडतो पण त्यावर अख्ख्या गल्लीची गर्दी, तिथे चॅनल १, ६ किंवा ११ यातलाच एक निवडा. यूएसबी ३ ची डिस्क लॅपटॉपला किंवा राऊटरला अगदी चिकटून असेल तर २.४ च्या सिग्नलमधे तीही अडथळा आणते, जरा लांब सरकवा. आमच्यासारख्या घरात खरा उपाय जिन्यातून वर नेलेली केबलच, साधी कॅट ५ई पुरते, १०० मीटरपर्यंत गिगाबिट देते.

वर दुसरा राऊटर लावलात तर तो ॲक्सेस पॉइंट मोडमधेच ठेवा. नाहीतर तो स्वतःचं वेगळं नेटवर्क बनवतो, खाली १९२.१६८.१ आणि वर १९२.१६८.०, मग मशीनं एकमेकांना दिसत नाहीत आणि आपण उगाच शेअरिंगची सेटिंगं उलटीपालटी करत बसतो. गेस्ट वायफायवर असाल तरी तेच.

एकाच नेटवर्कवर असूनही फोल्डर दिसत नसेल तर विंडोजमधे नेटवर्क प्रोफाईल पब्लिक आहे का बघा, घरचं असेल तर प्रायव्हेट करा. पासवर्ड मागितला तर पिन चालत नाही, त्या कॉम्प्युटरवरच्या अकाउंटचा खरा पासवर्ड लागतो. नावाने उघडत नसेल तर त्या मशीनचा आयपी (नेटवर्कवरचा आकड्यांचा पत्ता) टाकून बघा, आणि राऊटरमधे तो आयपी त्या मशीनसाठी राखून ठेवा म्हणजे रोज बदलणार नाही. मधेच तुटत असेल तर खालचं मशीन स्लीपमधे जातंय का तेही बघा. आणि कुठे एसएमबी १ (विंडोजची फाईल शेअर करायची जुनी पद्धत) चालू करा असा सल्ला मिळाला तर ऐकू नका, फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारा २०१७ चा वॉनाक्राय व्हायरस त्याच जुन्या वाटेने पसरला होता.

एक राहिलंच, हजारो छोटे फोटो एका मोठ्या फाईलपेक्षा हळूच जातात कारण प्रत्येकासाठी उघड-बंद वेगळी, झिप करून पाठवा.

आता ती ३ जीबीची फाईल केबलवरून अर्ध्या मिनिटात वर येते. पण अजूनही मी कट कधी करत नाही, कॉपीच करते, वर आलेली फाईल शेवटपर्यंत ऐकते आणि मगच खालच्या मशीनवरची काढते, कारण यातल्या काही कॅसेटींची फीत इतकी जीर्ण झालीये की ती दुसऱ्यांदा वाजेल याची खात्री नाही.