तीन सेन्सर, एक वायर

सिन्नरच्या साइटवर आमच्या पोकलेनचा जोर सकाळी अचानक उतरला. डिस्प्लेवर ऑइल प्रेशर, बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब), रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब) असे तिन्ही सेन्सरचे बिघाडाचे कोड एकदम. ऑपरेटरदादा म्हणाले, "सेन्सर बदलून टाका." मला पटेना, तीन सेन्सर एकाच वेळी कसे जातील? या मशीनमध्ये तिघांना ५ व्होल्टची एकच लाइन जाते. चावी ऑन करून मल्टिमीटर लावला, तर जवळपास शून्य! एखादा सेन्सर लाइन खाली ओढतोय का ते पाहायला सेन्सरचा एकेक कनेक्टर काढत गेलो. तिन्ही काढले तरी शून्यच, म्हणजे दोष सेन्सरचा नाही, बहुधा लाइनच कुठेतरी बॉडीला लागलेली. तासभर हार्नेस (वायरांचा जुडगा) चाचपला. इंजिनामागच्या ब्रॅकेटवर घासून वायर उघडी पडली होती. बॅटरी सोडवून जोड दिला, स्लीव्ह घातली, वायर ब्रॅकेटपासून दूर क्लॅम्प केली. आता ५ व्होल्ट बरोबर दिसले. कोड पुसले, दुपारी बकेट पुन्हा मुरमात.