भोंगा आत गेलेला ग्रामोफोन? आधी पाठ बघा

१९०६ मध्ये व्हिक्टर कंपनीने भोंगा पेटीत लपवलेला व्हिक्ट्रोला आणला आणि बाहेरचा भोंगा जुनाट वाटू लागला. मग काहींनी जुन्याच यंत्राचा भोंगा काढून आत बसवून घेतला. आज असं यंत्र ‘मूळचंच’ म्हणून गळ्यात मारलं जाऊ शकतं. ओळखायला एक टॉर्च पुरते.

१. पेटी फिरवा. टॉर्च मागच्या फळीला जवळजवळ टेकवून आडवी धरा. भोंग्याच्या ब्रॅकेटची बुजवलेली भोकं उजेडात खड्ड्यासारखी दिसतात. लांबी (पुट्टी) कितीही सफाईने भरलेली असो, वरून पॉलिश मारलेलं असो.

२. पेटीवरच्या कंपनीच्या पट्टीवरचा मॉडेल क्रमांक वाचा. मॉडेल बाहेरच्या भोंग्याचं आणि भोंगा आत, म्हणजे झालंच.

३. आतले स्क्रू बघा. अधिकच्या खुणेचे असतील तर तिथे १९३० नंतर कुणाचा तरी हात लागलाय.

जुन्या काळातच झालेला बदल मी तरी उलटवणार नाही, तोही त्या यंत्राचा इतिहासच.

जपून: मोटरची फळी उचलण्याआधी चावी पूर्ण उतरू द्या. ताणलेली स्प्रिंग बोटं फोडते.